बेचिराग

तालुक्याच्या वहीत नडगड्डीपुढं
एकच शब्द आहे : बेचिराग.
म्हणजे दिवा नसलेलं गाव.
शब्द जुना, शाई नवी.

मोजणीवाला आला तो नेमका ऑगस्टात.
कोयनेनं दारं उघडलेली, आलमट्टीनं मिटलेली,
आणि मधल्या मधे आमची कृष्णा फुगून बसलेली.
त्यानं काठावरूनच पाहिलं :
बाभळीचे शेंडे, दोन पत्रे, एक बगळा.
शून्य लिहून तो चहा प्यायला गेला.

माणसं तेव्हा अलीकडच्या कन्नड शाळेत होती,
पाचवीच्या वर्गात, शेरडाकरडांसकट.
तिथंही त्यानं कुणाला धरलं नाही.
"ही इथली नव्हंत," म्हणाला.
त्याचं काही चुकलं नव्हतं.

मी पंचायतीचा बिल कलेक्टर.
घरपट्टी, पाणीपट्टी हरगोलात बसून गोळा करतो.
(नदीत राहणाऱ्यांना पाणीपट्टी :
यावर सगळ्यांचं हसून झालंय.)
अकरा घरं.
पहिलं रुद्रव्वा अंबीचं, कारण हरगोल तिथंच टेकतो.
सहा नंबर वार्डाची ती मेंबर, बिनविरोध.
सूचक एक, अनुमोदक एक,
बाकी सगळे तिचे दीर.
विरोधाला माणूस उरतोय कुठं?

मासिक सभेला ती वल्हं घेऊनच येते,
बाहेर ठेवलं तर पोरं पळवतात.
पीडीओ मॅडम बागलकोटकडच्या. ठराव कन्नडात,
रुद्रव्वाचं भांडण दोन्हीत,
सही मराठीत,
गोल गोल फिरून एकदाची काठाला लागणारी.
"मॅडम, शून्य माणसांनी मला निवडून दिली काय?"
मॅडमनी कागद उलटून पाहिला.
मागं काही नव्हतं.
मग सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं.

गेलो मोजायला.
दुपारी सतरा.
दस्तगीर नदाफ कापूस पिंजायला रायबागला,
तवनाप्पाचे दोघे इचलकरंजीत मागावर,
वर्षाला एकदा येतात, तेही पाणी बघून.
हुवक्का बाळंतपणाला माहेरी.
ती एक, की दोन?
दिवस कलला तशी म्हसरं पोहत आली,
शेपटाला धरून सात पोरं.
मी आधीचा आकडा खोडला.
एक पोरगं परत पाण्यात गेलं,
पुन्हा खोडला.

पारिसअण्णा उंबऱ्यात बसून सगळं बघत होता.
"मेलेली धरतोस का रं?
बारा-तेरा हाईत, त्या करंजाखाली.
पुरात आम्ही पळालो,
ती नाही हललीत कुठं."
अर्जात रकाना होता : कायम रहिवासी.
मी पेनचं टोपण लावलं.

जेवणं झाल्यावर रुद्रव्वानं फळीवरची पिशवी उतरवली.
हेस्कॉमची बिलं, सुतळीत ओवलेली,
मीटर बसवल्यापासूनची एकूण एक.
दिवा नसलेल्या गावाला दर महिन्याला लाईटबिल,
थकबाकी वेगळी, व्याज वेगळं.
"हे लाव अर्जाला," म्हणाली.
"आणि झेरॉक्स लाव. मूळ देऊ नको.
मूळ दिलं की आमचं काय राहत नाही."

परत निघालो तेव्हा रात्रीचे नऊ.
मागं अकरा बल्ब, एक जरा पिवळट.
मधोमध आलो आणि करंट गेला.
नडगड्डी गेली. काठ गेला. माझा हातही गेला.
वहीतल्या शब्दासारखं सगळं
एकदम खरं झालं.

नुसता पाण्याचा आवाज, आणि वल्ह्याचा.
वल्हवत होता बाळगोंडा,
सकाळपासून मला इकडून तिकडं नेणारा,
रुद्रव्वाच्या धाकट्या दिराचा मुलगा.
वल्हं न थांबवता त्यानं विचारलं,
"अण्णा, मला धरलास नव्हं?"

मी वही उघडली.
अंधारात आकडा दिसेना.
काठ यायला अजून वीस-पंचवीस वल्ही होती.